नर्सिंगला जाणाऱ्या मुलीत नेमके काय असावे लागते?

कोयनाकाठ

माझी धाकटी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिने नर्सिंगची सीईटीही दिली आहे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळेल इतपत गुण आहेत, पण घरात एकमत नाही. माझी आई म्हणते की पोरगी मायाळू आहे, तिला हे काम शोभेल. पत्नीचे म्हणणे नेमके उलट आहे. गोठ्यातले रेडकू दगावले तेव्हा जी दोन दिवस नीट जेवली नाही, ती वॉर्डात काय टिकणार, असा तिचा प्रश्न आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि या क्षेत्रातले मला काहीही कळत नाही. सेवाभाव, त्याग, ममता हे शब्द दर वर्षी १२ मे रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, भाषणांतून कानावर पडतात. परंतु त्या शब्दांवरून आपल्या मुलीच्या अंगी काय आहे आणि काय कमी आहे, हे ताडता येत नाही. ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांची या कामाशी जवळून गाठ पडली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

निवृत्त परिसेविका

दादा, सरकारी रुग्णालयांत मी ३४ वर्षे काढली, आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून आणि शेवटची काही वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी काही अतिशय मायाळू मुली कामात कच्च्या निघाल्या आणि वरवर तुसड्या वाटणाऱ्या काही जणींच्या भरवशावर मी अख्खा वॉर्ड सोडून जेवायला जात असे. त्यामुळे स्वभावाचा विचार मी नंतर करते. आधी पाहते ती नजर.

स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डातली एक रात्र सांगते. गर्भपिशवी काढून तीन दिवस झालेली, खेड्यातून आलेली एक बाई सारखी खिडकी उघडायला सांगत होती आणि "सिस्टर, कसंसंच होतंय" एवढेच म्हणत होती. बीपी ठीक होते, ताप नव्हता. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, तिचा श्वास मिनिटाला २० असा लिहिला होता. पण तिच्या आधीच्या अकरा खाटांपुढेही तिने २०च लिहिले होते. मी त्या बाईचे मनगट नाडी पाहण्यासाठी धरावे तसे धरले, नजर तिच्या छातीवर ठेवली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले. श्वास ३२ होता. निवासी डॉक्टर झोपेतून उठून, कपाळाला आठ्या घालून आले, पण आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेल्याची शंका त्यांनी घेतली आणि बाईला तातडीने अतिदक्षता विभागात हलवले. पंधरा दिवसांनी ती घरी गेली.

मनगट धरण्याचे कारणही सांगते. श्वास मोजला जात आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून तो त्याच्या नकळत मोजायचा असतो. कोणत्याही वॉर्डातला चार्ट घेऊन श्वासाचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहावा. तिथे एकच आकडा ओळीने उतरलेला दिसला, तर त्या वॉर्डात कोणी कोणाकडे पाहत नाही असे खुशाल समजावे.

नजरेइतकाच कान लागतो. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! पू धरलेली जखम ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत सणक भरते, मुतखडा असलेला माणूस कळ आली की गडबडा लोळतो, आणि हृदयविकाराचा झटका आलेला माणूस पुष्कळदा "दुखते" असे म्हणतच नाही. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते किंवा जीव घाबरा होतो असे म्हणतो. हे सगळे केस पेपरवर नुसते "पेन" म्हणून उतरवणारी मुलगी निम्मी माहिती सांडून टाकते. केरळातून आलेल्या माझ्या एका सहकारी सिस्टरने पहिल्या वर्षातच "कळ" आणि "कळा" यांतला फरक विचारून घेतला होता, आणि इथल्याच मुलींना तो फरक महत्त्वाचा वाटत नसे, हेही मला दिसत होते.

साशंक

ताईंचा अनुभव मोठा आहे, तरी मला हरकत घ्यावीशी वाटते. नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी लागते. प्रत्यक्षात रात्रपाळीला चाळीस-चाळीस खाटांमागे एक सिस्टर मी स्वतः पाहिली आहे. चाळीस जणांचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे म्हटले तर चाळीस मिनिटे त्यातच जातात. मग बारा खाटांपुढे २० लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीला दोष देण्यात काय अर्थ आहे? परिचारिकेच्या अंगी कोणते गुण हवेत या चर्चेत माणसे भरण्याची जबाबदारी ज्यांची आहे ते अलगद सुटतात, अशी माझी तक्रार आहे.

निवृत्त परिसेविका

तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी संघटनेत असताना वर्षानुवर्षे मांडली आहे. पण उद्या निकषाप्रमाणे भरती झाली तरी पाच जणांत आधी कोणाकडे जायचे हा प्रश्न उरतोच, आणि आज चाळीस असतील तर तो आठपट उरतो. म्हणूनच ओव्हर घेण्याची, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती घेण्याची, पद्धत मी महत्त्वाची मानते. काही जणी टेबलाशी बसून रजिस्टरवरून ओव्हर घेतात. मी माझ्या मुलींना खाटेपाशी उभे राहून ओव्हर घ्यायला लावत असे, म्हणजे जाणारी सिस्टर बोलत असताना येणारीची नजर सलाईनच्या बाटलीवर, लघवीच्या पिशवीवर, ड्रेसिंगवर आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर फिरते. त्या एका फेरीत चाळिसांतले चार हेरता आले पाहिजेत. उरलेल्या छत्तीस जणांचे श्वास ती मोजू शकणार नाही हे मला मान्य आहे. फक्त न मोजलेला आकडा तिने लिहू नये. रकाना कोरा राहिला तर राहू द्यावा. कोरा रकाना पाहून वरिष्ठांना निदान मनुष्यबळाचा प्रश्न दिसतो, खोट्या आकड्याने तोही झाकला जातो.

शिकवणारी

मी गेली काही वर्षे नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. कोयनाकाठ, तुम्ही गणिताचे शिक्षक आहात हे वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलींची पहिली दांडी गणितातच उडते, आणि तेही सातवी-आठवीच्या गणितात. ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीचा सेट एका मिलिलिटरला २० थेंब पाडणारा आहे, तर मिनिटाला किती थेंब ठेवावेत? दहा हजार भागिले ४८०, म्हणजे साधारण २१. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचे एक मिलिलिटर होते, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, हे सोपे गमक आहे. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलींनाही हे उभ्या उभ्या, बाजूला नातेवाईक ओरडत असताना, करता येत नाही. उत्तर आल्यावर "हे शक्य तरी आहे का?" असे स्वतःला विचारण्याची सवय तर फारच थोड्या जणींना असते.

इन्सुलिनचे उदाहरण देते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरला १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. ४०च्या मापाच्या सिरिंजला लाल टोपण असते आणि १००च्या मापाच्या सिरिंजला केशरी. १००चे इन्सुलिन कोणी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. टोपणाच्या रंगाकडे दुर्लक्ष झाल्याने माणूस बेशुद्ध होऊ शकतो, हे मी पहिल्याच आठवड्यात दोन्ही सिरिंज मुलींच्या हातात देऊन सांगते. पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूलही (औषधाची छोटी बंद कुपी) अशीच, पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी. ते औषध पातळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडते. म्हणून लेबल तीनदा वाचायचे, कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रिकामी अँप्यूल टाकण्यापूर्वी. आणि रुग्णाचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे.

हे सगळे शिकवता येते. मला शिकवता न येणारी गोष्ट म्हणजे चूक झाल्यावर ती तोंडाने सांगणे. एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असताना माझ्या एका विद्यार्थिनीने एकाची बीपीची गोळी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या मिनिटाला ती माझ्यासमोर उभी होती, थरथरत होती, पण उभी होती. डॉक्टरांना कळवले, रुग्णाला सपाट झोपवले, दर पंधरा मिनिटांनी बीपी पाहिले आणि काही बिघडले नाही. त्याच बॅचमधल्या दुसरीने सलाईन संपून नळीत रक्त चढलेले पाहून गुपचूप सगळे बदलले आणि वेळ मागची टाकली. तिचे गुण पहिलीपेक्षा चांगले होते. माझ्या आजारपणात माझ्या खाटेशी कोण असावी असे विचाराल, तर मी पहिलीचे नाव सांगेन.

रात्रपाळी

मी ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक आहे आणि अतिदक्षता विभागात काम करतो. धाग्याच्या शीर्षकात "मुलीत" असे लिहिले आहे, ते मी मनावर घेत नाही. परंतु हे काम मुलगेही करतात एवढी नोंद असू द्यावी.

शिकवणारी यांनी चूक सांगण्याविषयी लिहिले, त्याला मी वरिष्ठांशी बोलण्याची जोड देईन. रात्री तीन वाजता डॉक्टरांना फोन करायचा आणि ते चिडणार हे माहीत असताना करायचा, यासाठी जी छाती लागते ती निम्मी भाषेतून येते. "सर, बेड नऊ बरोबर वाटत नाही, येता का?" असे म्हटले की उत्तर येते, "सलाईन वाढवा, सकाळी पाहतो." तेच असे सांगून पाहावे: "सर, बेड ९, काल पोटाचे ऑपरेशन झालेले आहे. तासाभरात नाडी ९० वरून १२४ झाली, बीपी ९० वर ६० आहे, दोन तासांत लघवी २० मिलिलिटर झाली आणि पोट ताठ लागते आहे. आत रक्तस्राव होत असावा असे मला वाटते, तुम्ही आत्ता यावे." यानंतर कोणी झोपत नाही. कोण, काय बदलले, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे, या क्रमाने बोलायचे. आणि तरीही कोणी आले नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन लावायचा. नम्र, आज्ञाधारक मुलगी चांगली नर्स होते हा समज माझ्या मते घातक आहे.

धैर्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा अंजली कुलथे या परिचारिका गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात ड्युटीवर होत्या. त्यांनी दारे लावून घेतली, वीस गरोदर स्त्रियांना पँट्रीत हलवले, आणि त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्यावर गोळीबार चालू असतानाच भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात पोहोचवले. पुढे त्यांनी कसाबची ओळखही पटवली. मला त्या प्रसंगातली जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती अशी, की त्या धामधुमीतही कोणत्या बाईचे दिवस किती भरले आहेत याचे भान त्यांनी सोडले नाही.

शरीराचेही थोडे सांगतो, कारण कोणी सांगत नाही. कंबर जपावी लागते. ऐंशी किलोचा बेशुद्ध माणूस एकट्याने कुशीवर वळवण्याची मर्दुमकी दाखवणारे पस्तिशीत पट्टा बांधून फिरतात. वॉर्डबॉय मामांना हाक मारावी, चादरीसकट वळवावे, गुडघे वाकवावेत.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये नोकरी करते, म्हणून थोडक्यात भर घालते. निवृत्त परिसेविका यांनी श्वासाबद्दल जे लिहिले त्यावर इथे अख्खी पद्धत उभी आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. तिचे २०१७ सालचे सुधारित रूप आज सगळीकडे वापरात आहे. श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक असेल तर त्या एकट्याचेच ३ गुण होतात, एकूण ५ झाले की तातडीने डॉक्टरांना बोलवावे लागते आणि ७ झाले की आणीबाणी मानतात. त्या बाईचा श्वास इथे मोजला गेला असता तर कागदानेच घंटा वाजवली असती. मात्र कागदावर आकडा खरा लिहिलेला हवा. खोटा २० लिहिला तर गुण शून्य येतो आणि ही सारी पद्धत मुकी होते.

परदेशाचा विचार असेल तर इंग्रजीची वेगळी परीक्षा आणि त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. प्रात्यक्षिकात आपल्याकडच्या हुशार मुली अडतात त्या हात धुण्यावर आणि रुग्णाची परवानगी विचारण्यावर, कारण ही कामे त्यांनी कोणी पाहत नसताना केलेली नसतात.

चाफा

मी या क्षेत्रातली नाही. माझे वडील पक्षाघाताने सात महिने अंथरुणाला खिळून होते आणि त्या काळात दोन रुग्णालये झाली. पहिल्या ठिकाणी मशिनरी उत्तम होती, पण वडिलांना पुसून घेताना पडदा ओढायचे कोणाला सुचत नसे. आयुष्यभर धोतर-सदरा नीटनेटका घालणारा माणूस तोंड भिंतीकडे करून पडून राही. दुसऱ्या ठिकाणच्या एका सिस्टर आल्या की आधी पडदा ओढत, मग "काका, आता डावा हात पुसते" असे सांगत, आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करून बाकीचे अंग चादरीखाली ठेवत. वडिलांची वाचा गेलेली होती, तरी त्या प्रत्येक वेळी सांगतच. टाचांखाली त्या मऊ घडी अशी ठेवत की टाच अधांतरी राही. पहिल्या रुग्णालयातून आणलेली माकडहाडाजवळची जखम भरून यायला दोन महिने लागले. ही जखम खरे तर टाळता येते असे त्यांनीच मला सांगितले.

निवृत्त परिसेविका

टाळता येते, आणि किती टाळता येते याचा दाखला मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, २०११च्या निकालात, इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही याची नोंद झाली. लोक याला ममता म्हणतात, आणि ती होतीच. पण बेडसोअर ममतेने टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीची चुणी काढणे, कातडी कोरडी ठेवणे, टाच, घोटा, माकडहाड रोज बोटाने दाबून लाली जाते की राहते ते पाहणे, आणि हे सणावारी, संपाच्या दिवशी, स्वतःचे मूल घरी तापाने फणफणलेले असताना करणे, याने तो टळतो.

दादा, पत्नीच्या शंकेचे उत्तर राहिले. हळव्या मुलीही टिकतात. मी स्वतः चादरींच्या खोलीत जाऊन रडलेली आहे, पुष्कळदा. तोंड धुऊन पुढच्या खाटेकडे जाता आले म्हणजे झाले. रेडकू गेल्यावर दोन दिवस न जेवलेल्या तुमच्या मुलीने त्या दोन दिवसांत म्हशीची धार काढली होती की नाही, एवढे मला सांगा.

कोयनाकाठ

काढली होती, ताई. पत्नीनेच आठवण करून दिली. रेडकू नसल्याने म्हैस पान्हा सोडत नव्हती आणि हीच तिला चुचकारत बसली होती.

संपूर्ण धागा मुलीला वाचायला दिला. तिने लगेच माझ्या आईचा श्वास मोजायला घेतला, तर आईने "काय गं, अशी काय बघतेस?" म्हणून गप्पाच सुरू केल्या. संध्याकाळी मनगट धरून पुन्हा मोजला, तेव्हा १८ भरला. त्यानंतर तिने फ्रिज उघडला. आई इन्सुलिन घेते. कुपी मिलिलिटरला ४० युनिटची आहे आणि सिरिंजचे टोपण केशरी आहे. आई रोज २०च्या खुणेपर्यंत भरते. साखर आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टरांनी गेल्या चार महिन्यांत दोनदा डोस वाढवलेला आहे. मुलीने हिशेब मांडून दाखवला, की आजीला २० नव्हे तर ८ युनिटच मिळत आहेत. आता लगेच लाल टोपणाची सिरिंज आणून २० भरावे का?

शिकवणारी

मुलीचा हिशेब बरोबर आहे, पण कृपया तसे करू नका. डॉक्टरांनी डोस वाढवला तो शरीरात ८ युनिटसुद्धा पोहोचत नव्हते तेव्हा, ते त्यांना माहीत नसताना. उद्यापासून एकदम खरे २० दिले तर आईंना आजवर मिळत होते त्याच्या अडीचपट जातील आणि साखर धोकादायक खाली येऊ शकेल. सकाळच्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना फोन करावा. कुपीवरचा आकडा, टोपणाचा रंग, रोजची खूण, कधीपासून ही सिरिंज आणता ते आणि आजची ग्लुकोमीटरवरची साखर, हे सगळे आधी कागदावर लिहून घ्यावे. फोन मुलीलाच करू द्यावा.

कोयनाकाठ

फोन तिनेच केला, रात्रपाळी यांनी लिहिलेल्या क्रमाने. डॉक्टरांनी कुपी, सिरिंज आणि आई, तिन्ही घेऊन अकरा वाजता बोलावले आहे. आईचे म्हणणे एवढेच आहे की औषधवाल्याला तिने केशरी टोपण स्वतः मागून घेतले होते, कारण त्यावरचे आकडे जास्त ठळक दिसतात.